आधी फुलं, मग पेटी

भाद्रपद लागला की पत्रांचा ओघ वाढतो. पावसात मधमाश्यांची पेटी ओस पडली म्हणून हळहळणारे एकीकडे, दिवाळीला नवी पेटी आणू म्हणणारे दुसरीकडे, आणि कुंडीतल्या वेलाला फळ का धरत नाही म्हणून कोड्यात पडलेले त्याहून जास्त. या अंकासाठी त्यातली सहा पत्रं घेतली आहेत. मी वाईची. उत्तरांत येणारे महिने माझ्या परसातले आहेत. कोकणात किंवा विदर्भात असाल तर पंधरवडाभर पुढेमागे धरा.

काकू, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या गच्चीत साठेक कुंड्या आहेत. मुलगी शाळेत मधमाश्यांवर प्रकल्प करून आली आणि आता दिवाळीला मधपेटीच हवी म्हणून हटून बसली आहे. सातेरी आणावी की मेलिफेरा? घरापुरता मध सुटेल ना?
— एक वाचक, पुणे

सातेरीच. मेलिफेरा ही युरोपातून आणलेली माशी. ती मध जास्त देते, पण तिची भूकही तशीच. मोहरी, सूर्यफूल अशा पिकांमागे ट्रकमधून पेट्या हलवणाऱ्यांना ती परवडते. सातेरी आपल्या डोंगरातली माशी, इथेतिथे विखुरलेल्या फुलांवर पोट भरणारी, आणि घरच्या माणसाला हाताळायला सोपी.

पण पेटी या दिवाळीला नको, पुढच्या दिवाळीला आणा. मधलं वर्ष मुलीच्या हातात एक वही द्या.

कारण असं की साठ कुंड्यांवर वसाहत जगत नाही. भरातल्या पेटीत हजारो माश्या असतात आणि त्या घरापासून साधारण किलोमीटरभर चरून येतात. म्हणजे तुमची खरी बाग गच्चीवर नाही, गच्चीच्या भोवतीच्या किलोमीटरभरात आहे. दर पंधरा दिवसांनी सकाळी आठ-नऊच्या सुमारास बापलेकीनं तेवढा फेरफटका मारायचा. कुठल्या झाडाला फूल आहे, त्यावर माशी बसते का, पायाला परागाची गोळी दिसते का आणि तिचा रंग कोणता, एवढंच लिहायचं. करंजाखालून जाताना वर बघायच्या आधी कान द्यायचा. चैत्रात फुललेल्या करंजाखाली उभं राहिलं की झाडभर गुंजारव ऐकू येतो, तो ऐकलेलं मूल ते झाड विसरत नाही.

वर्ष भरलं की वहीत दोन मोकळ्या जागा दिसतील. परदेशी पुस्तकांत माशीचा कठीण काळ हिवाळा असतो, आणि ती पुस्तकं वाचून आपल्याकडची मंडळी डिसेंबरात साखर पाजायला निघतात. आपल्याकडे थंडी हा सुगीचा काळ. आश्विनात रानात सोनकी, शेतात कारळे आणि तूर, पौष-माघात शेवगा आणि कांद्याच्या बियाण्याची शेतं, मग आंब्याचा मोहोर, फाल्गुन-चैत्रात कडुनिंब, करंज, जांभूळ. चैत्र सरेपर्यंत ताट भरलेलं असतं. वैशाखाच्या उत्तरार्धात ते रिकामं व्हायला लागतं, आणि मृगापासून श्रावणापर्यंत पाऊस माशीला बाहेर पडू देत नाही. पडली तर फुलातला मकरंद धुऊन गेलेला असतो. आपल्याकडच्या पेट्या मरतात त्या या तीन महिन्यांत. म्हणून बाग लावायची ती या तीन महिन्यांच्या हिशोबानं.

पावसात फुलणारं काय लावाल? अँटिगोनॉनचा गुलाबी वेल गच्चीच्या कठड्यावर चढवा, त्याला जवळजवळ बारमाही फूल असतं. चिनी गुलाब म्हणतात तो पोर्चुलाका, पण एकेरी पाकळीचाच. दुहेरी, गच्च भरलेली फुलं आपल्या डोळ्यांना छान. माशीच्या हाती त्यातून फार काही लागत नाही. झेंडू आणि गुलाबाचंही तेच. सब्जा लावा. तुळस तर घरात असेलच, तिच्या मंजिऱ्या खुडायची आपली रीत आहे. दोन कुंड्या मात्र न खुडता राहू द्या. बादलीत चार मक्याची ताटं लावली तरी त्यांच्या तुऱ्यावर श्रावणात पराग मिळतो, आणि पिल्लं वाढवायला पराग लागतोच, नुसत्या साखरेवर ती वाढत नाहीत. थंडीत कोथिंबीर सगळी उपटू नका. एक वाफा फुलावर जाऊ द्या. त्या पांढऱ्या छत्र्यांवर सकाळी एका वेळी किती तऱ्हेच्या माश्या येतात ते मुलीला मोजू दे.

आता गच्चीचं. सिमेंटचा स्लॅब एप्रिलमध्ये तापतो आणि सातेरीला ते सहन होत नाही. पिल्लांपाशी ३४-३५ अंश तापमान राखायला माश्या पंख हलवून वारा घालतात, पाणी आणून शिंपतात; तेही पुरेनासं झालं की सगळी वसाहत उठून जाते. पेटी जमिनीपासून उंच घडवंचीवर, वर शेडनेट, तोंड पूर्वेला, म्हणजे सकाळचं ऊन मिळेल आणि दुपारचं टळेल. घडवंचीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी. पसरट परातीत खडे आणि पाणी, आणि ही परात पेटी यायच्या आधीपासून तिथे हवी. माश्यांना एकदा शेजारच्यांच्या एसीच्या पाण्याची सवय लागली की ती मोडत नाही, आणि भांडण तुमच्या दारात येतं. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर माश्यांच्या विष्ठेचे पिवळे ठिपके पडतात, तेव्हा शेजाऱ्यांना आधी विचारा, नंतर नको. कुणाला दंशाची ॲलर्जी आहे का, हेही त्याच वेळी विचारून घ्या.

मध्यंतरी तुम्ही प्रशिक्षण घ्या. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, महाबळेश्वरला खादी व ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आहे. महाबळेश्वरजवळचं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं, देशातलं पहिलं. सुट्टीत मुलीला तिथे नेऊन आणा. एका दिवसात ती जे बघेल ते मी चार अंकांत लिहू शकणार नाही.

मधाचं म्हणाल तर पहिल्या वर्षी आशा ठेवू नका. चांगल्या जंगलात सातेरीची पेटी वर्षाला पाच-दहा किलो देते, शहरात त्याहून कमी. जे मिळेल त्यातलं पावसाळ्यापुरतं तिचं तिला ठेवायचं. तुमच्या शेवग्याला आणि कारल्याला फळ वाढेल, तो तुमचा वाटा.

दुधीच्या वेलाला महिनाभर भरपूर फुलं आहेत, पण बोटाएवढा दुधी झाला की पिवळा पडून गळतो. शेजारच्या लाल भोपळ्याला मात्र छान धरलंय. मधमाश्या दोन्हीकडे सारख्या येत नाहीत का?
— एक भगिनी, डोंबिवली

नाहीत येत. भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि दुपारच्या आत मिटतं, ते माशीच्या वेळेचं. दुधीचं पांढरं फूल उमलतं संध्याकाळी आणि सकाळपर्यंत मलूल होतं. त्याच्याकडे येतं ते रात्रीचं पाखरू, लांब सोंडेचा पतंग. डोंबिवलीत इमारतींच्या दिव्यांमध्ये ते पाखरू तुमच्या खिडकीपर्यंत पोचत नसणार. पडवळाचं फूलही रात्रीचंच, आणि दोडक्याचं दिवस कलताना उमलतं. काकडी, कारलं, घोसाळं मात्र सकाळचे.

तेव्हा हे काम तुम्ही करा. दिवेलागणीला वेलाजवळ जा. ज्या फुलाच्या मागे इवलासा, लव असलेला दुधी दिसतो ते मादी फूल. ज्याच्या मागे नुसता लांब देठ ते नर. नर फूल तोडून पाकळ्या मागे वळवा आणि मधला परागाचा दांडा मादी फुलाच्या मध्यभागी हलक्या हातानं सगळीकडे फिरवा. एका नर फुलात दोन-तीन माद्या होतात. पाऊस येण्याची चिन्हं असतील तर फुलावर रात्रीपुरती कागदाची टोपी घाला. फळ धरलं असेल तर चार-पाच दिवसांत देठ वर उभा असलेला दुधी वजनानं खाली वळतो, आणि अंगावरची लव तशीच चमकत राहते. पिवळेपणा आला नाही की समजा जमलं.

मादी फुलंच कमी असतील तर मुख्य शेंड्याचं टोक खुडा. ती बाजूच्या फांद्यांवर जास्त येतात.

फाल्गुनात दोन्ही पेट्या भरलेल्या होत्या. आता एकीत मूठभर माश्या उरल्या आहेत, पोळ्यांत पांढरी जाळी आणि जाड अळ्या आहेत. साखरेचा पाक देत होतो तरी असं झालं. दुसरी पेटी तरी वाचवता येईल का?
— एक शेतकरी, चिपळूण

दादा, वाचवता येईल, पण या आठवड्यात हात लावायला हवा.

जाळी करणारी अळी ही मेणपाखराची. करड्या रंगाचं हे पाखरू रात्री फटींत अंडी घालतं, अळ्या मेणातून बोगदे करत जातात, मागे रेशमासारखी जाळी आणि काळी बारीक लेंडी. लोक समजतात किड्यानं वसाहत मारली. तसं नसतं. वसाहत आधी खचते, माश्या सगळ्या पोळ्यांवर बसायला पुरत नाहीत, आणि जी पोळी उघडी पडतात त्यांत किडा शिरतो. शिवाय सातेरी राळ गोळा करत नाही, फटी स्वतः बुजवत नाही. जुनं काळं पोळं कुरतडून त्याचा चुरा खाली तळपाटावर टाकते, आणि तो चुरा हेच किड्याचं माहेर. पावसाळ्यात तळपाट दर आठवड्याला साफ झालाच पाहिजे.

उघडीप मिळेल त्या दिवशी, अकराच्या सुमारास, आधी चांगली पेटी उघडा. धुराचे दोन झोत पुरे. झाकण काढल्यावर लगेच पोळ्याची चौकट उचलू नका. माश्या कशा बसल्या आहेत ते बघा. एका टोकाला गोळा होऊन बसल्या असतील तर त्या जेवढ्या चौकटी झाकतात तेवढ्याच ठेवा, बाकीच्या काढून टाका. मधली चौकट उचलून उजेडाकडे तिरपी धरा, ऊन तुमच्या खांद्यावरून घरांच्या तळाशी पडेल अशी. तांदळाच्या कणीहून बारीक पांढरं अंडं तळाशी एकेकटं उभं दिसलं की राणी गेल्या तीन दिवसांत तिथे होती. राणी शोधत बसायची गरज नाही, चौकट लगेच परत ठेवा. अंडी दिसली नाहीत, किंवा एका घरात दोन-तीन अंडी वेडीवाकडी चिकटलेली दिसली, तर बहुधा राणी नाही.

पिल्लांकडेही नीट बघा. अळी पिवळसर पडून, डोकं वर करून, पाण्यानं भरलेल्या पिशवीसारखी मेलेली दिसली तर तो सॅकब्रूड. १९९१-९२ च्या सुमारास दक्षिणेत याच विषाणूनं सातेरीच्या अगणित पेट्या नेल्या. तसं असेल तर चौकटींची अदलाबदल अजिबात करू नका, पेट्या एकत्र करू नका आणि मध संचालनालयाच्या माणसाला बोलावून दाखवा.

तो रोग नसेल तर कमजोर पेटीतल्या मूठभर माश्या चांगलीत मिसळा. त्यांच्यात राणी असेल तर ती आधी काढावी लागेल. मन होत नाही, माझंही होत नाही, पण एका घरात दोन राण्या नांदत नाहीत. संध्याकाळी चांगल्या पेटीच्या कोठीवर, म्हणजे चौकटी असतात त्या खणावर, वर्तमानपत्राचा एक कागद पसरा, त्याला सुईनं चार भोकं पाडा आणि वर दुसरी कोठी ठेवा. कागद कुरतडून होईपर्यंत दोघींचा वास एक झालेला असतो. किडा लागलेली पोळी त्याच दिवशी कापून उकळत्या पाण्यात टाका. मेण तरी हाती लागेल. उकिरड्यावर फेकू नका, तिथून पाखरू परत येतं. रिकाम्या कोठीच्या सांध्यांवरून चुलीतलं पेटतं लाकूड फिरवा आणि फटी शेणमातीनं लिंपा.

पाकाचं: साखर आणि पाणी समसमान वजनानं, कोमट पाण्यात नुसतं विरघळवून. गूळ नको, त्यानं माश्यांना हगवण लागते. विकतचा मध तर मुळीच नको, कुठल्या पेटीचा रोग त्यातून येईल सांगता येत नाही. वाटीभर पाक अंधार पडताना पेटीच्या आत, वर काड्या तरंगत ठेवून द्यायचा, आणि पाऊस लागून राहिला असेल तर दोन-तीन दिवसांआड. दिवसा दिला किंवा बाहेर सांडला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लूट करायला येतात, आणि लुटीत कमजोर पेटी संपते. तुमच्याकडे असंच घडलं का ते बघा. दारात मेलेल्या, झटापटीत पंख तुटलेल्या माश्या असतील तर घडलं आहे. दार दोन माश्या जातील एवढंच ठेवा, ते गांधीलमाश्यांसाठीही बरं. पेटीला पुढे किंचित उतार द्या म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर पडेल.

आश्विनात ऊन पडलं की राणी पुन्हा अंडी घालायला जोर धरेल. तोवर एकच पेटी सांभाळा. मार्गशीर्षात तिच्या दोन करता येतील.

गुलाबाच्या पानांच्या कडांचे अर्धगोल तुकडे कुणीतरी अगदी नेटके कापून नेतंय. अळी दिसत नाही. कोणतं औषध मारू?
— एक वाचक, सांगली

कोणतंच नाही. ही पानकापी माशी, आपल्या मधमाशीच्याच गोतावळ्यातली, पण एकटी राहणारी. पानाचे तुकडे ती खात नाही. पोकळ काडीत किंवा कुंडीच्या भोकात ते गुंडाळून आपल्या एकेका पिल्लासाठी खोली करते, आत परागाची शिदोरी ठेवते आणि दार बंद करून निघून जाते. गुलाबाला यानं काही होत नाही. तुमच्या तुरीच्या आणि घेवड्याच्या शेंगा ती वाढवते. बांबूचे वीतभर तुकडे एका बाजूनं बंद ठेवून आडवे बांधा आणि भिंतीला टांगा, घर मिळालं तर ती तुमच्याकडेच राहील.

टोमॅटोसाठी असाच कामाचा जीव म्हणजे काळा भुंगा. टोमॅटोच्या फुलातला पराग थरथराटाशिवाय सुटत नाही, आणि तो थरथराट मधमाशीला येत नाही, भुंग्याला आणि निळ्या पट्ट्यांच्या रानमाशीला येतो. लाकडाला भोक पाडतो म्हणून भुंग्याला मारू नका. एक जुना वासा त्याच्यासाठी कोपऱ्यात टाकून ठेवा.

मावा वगैरे पडला तर आधी पाण्याची जोरदार फवारणी करा, मग साबणाचं पाणी, मग कडुनिंबाचा अर्क. जे काही माराल ते सूर्य मावळल्यावर, आणि उमलल्या फुलावर कधीच नाही.

ओळखीच्या शेतकऱ्याकडून सूर्यफुलाचा मध घेतला, दोन महिन्यांत बरणीत साखर बसली. फसवलं ना?
— एक गृहिणी, सोलापूर

नाही ताई. सूर्यफुलाचा मध लवकर रवाळ होतोच, त्यातलं ग्लुकोज गोठतं. थंडीत आणखी लवकर. ती साखर वरून घातलेली नसते. बरणी हात सोसेल इतक्या कोमट पाण्यात ठेवा, विरघळेल. गॅसवर ठेवू नका. मला तर रवाळ मधच भाकरीवर लावायला आवडतो, ओघळत नाही. उलट जांभळाचा मध काळसर आणि कडवट लागला म्हणून लोक परत करतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. प्रत्येक झाडाचा मध वेगळा असणार.

बरणीवर फेस आला आणि आंबूस वास येत असेल तर मात्र तो मध कच्चा काढलेला आहे, माश्यांनी मेणाचं झाकण घालायच्या आधी. पुढच्या वेळी शेतकऱ्याला तसं सांगा. आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, कितीही शुद्ध असला तरी.

अकराव्या मजल्यावर आमच्या गॅलरीच्या छताला गेल्या थंडीत आग्यामोहोळ लागलं होतं, दोन हात लांब. सोसायटीनं माणूस बोलावून औषध मारून पाडलं. ढीगभर माश्या मेल्या, आणि खालच्या मजल्यावरच्या दोघांना चावल्याही. यंदा परत लागलं तर काय करावं?
— एक वाचक, नागपूर

यंदा परत लागेल असंच धरा. आग्या माशी ऋतूप्रमाणे गाव बदलते आणि जुन्या जागेवर मेणाचा वास राहिला असेल तर तिथे परतते.

लागलं तर राहू द्या. ती थंडीत येते आणि पावसाच्या आधी आपण होऊन निघून जाते. एवढे महिने ती गॅलरी वापरायची नाही, एवढंच मागणं आहे. काचेचं दार बंद, संध्याकाळी पडदा ओढलेला आणि बाहेरचा दिवा बंद, कारण ही माशी रात्रीच्या दिव्याकडे झेपावते आणि घरात शिरते. तिच्या खाली धूर, उदबत्ती, फटाके काही नको. संक्रांतीला गच्चीवर पतंग उडवणाऱ्या पोरांना आधी सांगून ठेवा, मांजा पोळ्याला लागला की सगळी इमारत आत बसते.

चवताळल्या तर हात न झाडता, तोंड झाकून, सरळ घरात शिरायचं आणि दार लावायचं. काटा लगेच काढायचा, नखानं खरवडून किंवा चिमटीत धरून, कसाही. जितका उशीर तितकं विष आत जातं. श्वास अडला, ओठ-जीभ सुजली किंवा चक्कर आली तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.

औषध मारून पाडलेल्या पोळ्यातला मध कुणी पिळून वाटला असेल तर तो टाकून द्या. आणि सोसायटीच्या बैठकीत हेही सांगा, की नागपूरच्या आसपासच्या संत्र्याच्या बागांना आणि रानातल्या झाडांना फळ धरायला याच माश्यांची मदत होते. मोहोळ अगदीच शाळेच्या दारावर किंवा जिन्यात असेल आणि हलवल्याशिवाय गत्यंतर नसेल, तर माश्या न मारता, रात्री, पोळं काढणारे प्रशिक्षित लोक आहेत, त्यांनाच बोलवा.

यंदा नकोच असेल तर आश्विनातच, माश्या यायच्या आत, छतावरचा जुना मेणाचा डाग खरवडा, साबणाच्या गरम पाण्यानं धुवा आणि तेवढ्या भागावर चुन्याचा हात मारा. जागा आवडली नाही की त्या दुसरीकडे जातात.